डिशलीचा पैदासकार : रॉबर्ट बेकवेल

इंग्लंडच्या मध्यभागी, लेस्टरशायर परगण्यातील लफबरो गावालगत डिशली नावाची शेतवाडी आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात ती पाहण्यासाठी लांबलांबून माणसे येत असत. त्यांत शेजारच्या परगण्यांतील शेतकरी असत, बडे जमीनदार असत, फ्रान्समधील उमराव आणि रशियातील राजपुत्रही असत. पाहुण्यांना गोठ्याकडे नेले जाई तेव्हा त्यांच्या मनात प्रथम भरे तो जनावरांचा आकार नव्हे, स्वभाव. लांब शिंगांचा, भरदार अंगाचा वळू एखादा पोरगा हातातल्या बारीकशा छडीने हाकत बाहेर आणी आणि तो वळू परक्या माणसांच्या घोळक्यात निमूट उभा राही. पाहुण्यांनी त्याच्या फासळ्या चाचपल्या तरी तो मान हलवीत नसे. आर्थर यंग या शेतीविषयक लेखकाने १७७१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रवासवृत्तात या सौम्यपणाची मुद्दाम नोंद केली आहे.

त्या काळच्या इंग्लंडमध्ये ही गोष्ट साधी नव्हती. वळूला खुंटाला बांधून त्याच्या अंगावर कुत्री सोडणे हा तेथे गावोगावचा करमणुकीचा प्रकार होता. तो कायद्याने बंद होण्यास १८३५ साल उजाडावे लागले. बाजाराच्या वाटेवर गुरे टोचून, बडवूनच हाकली जात. डिशलीच्या रॉबर्ट बेकवेलने मात्र आपल्या वाडीवर जनावरांना लहानपणापासून मायेने हाताळण्याचा दंडक घातला होता. गुरे सांभाळणारी त्याची माणसे वर्षानुवर्षे त्याच्याकडेच टिकून राहिली, हेही त्या दंडकाचे एक कारण असावे. बेकवेलच्या लेखी हा भूतदयेचा प्रश्न होता तसाच हिशेबाचाही होता. बिथरणारे जनावर खाल्लेला चारा धावण्यात आणि भिण्यात घालवते, शांत जनावर तोच चारा अंगी लावते, हे त्याने नीट हेरले होते. शांतपणा हा वागणुकीने येतो तसा रक्तातूनही येतो, आणि रक्तातून येणारी गोष्ट निवडून घेता येते, ही त्याच्या साऱ्या आयुष्याची धारणा होती.

रॉबर्ट बेकवेलचा जन्म २३ मे १७२५ रोजी डिशली येथेच झाला. त्याचे आजोबा आणि वडील याच वाडीवर शेती करीत होते. परंतु जमीन त्यांच्या मालकीची नव्हती. ती गॅरेन्डनच्या जमीनदाराची होती आणि बेकवेल घराणे त्याचे कूळ होते. ही बाब लक्षात ठेवण्याजोगी आहे. ज्याच्या मेंढ्यांची कीर्ती पुढे साऱ्या युरोपात पसरली, त्या माणसाच्या पायाखालची जमीन अखेरपर्यंत दुसऱ्याची राहिली. तरुणपणी त्याने इंग्लंडच्या निरनिराळ्या भागांत आणि, असे सांगतात की, हॉलंडमध्येही हिंडून तेथील शेती आणि पशुपालन डोळसपणे पाहिले. १७६० च्या सुमारास थकलेल्या वडिलांकडून वाडीचा कारभार त्याच्याकडे आला. वडील १७७३ मध्ये वारले. बेकवेलने लग्न केले नाही; घर त्याची बहीण हॅना सांभाळीत असे.

वाडी सुमारे ४४० एकरांची होती. त्यांतील जेमतेम चौथा हिस्सा नांगराखाली होता, बाकी सारे कुरण. एवढ्या जमिनीवर ६० घोडे, ४०० मोठ्या मेंढ्या आणि १५० गुरे पोसली जात असल्याचे यंग सांगतो. इतकी जनावरे एवढ्या रानात कशी जगतात, हे पाहणाऱ्यांना कोडेच वाटे. त्याचे उत्तर पाण्यात होते. बेकवेलने ओढ्याचे पाणी पाटांनी कुरणांवर फिरवले होते. ओलिताखालच्या कुरणातून वर्षात चार वेळा गवत कापले जाई. पाण्याचा गुण इतरांना पटावा म्हणून मध्ये मध्ये काही तुकडे त्याने मुद्दाम कोरडे ठेवले होते. पाहणाऱ्याने दोन्हींकडचे गवत शेजारी शेजारी पाहावे आणि आपला निर्णय आपणच करावा. याच पाटांमध्ये शेतातले सलगम सोडून दिले जात. ते वाहत वाहत गोठ्यापर्यंत येत आणि येताना धुऊनही निघत. गाडी, बैल आणि मजुरी तिन्ही वाचत. हिवाळ्यात गुरे गोठ्यात बांधली जात, तेथेही जमिनीची रचना अशी की अंथरायला पेंढा लागू नये. तो पेंढा गुरांच्या पोटात जावा. कुंपणाचे ताटवे आणि अवजारांचे दांडे यांसाठी त्याने वाळुंजाची झाडे वाडीवरच लावली होती.

बेकवेलच्या आधी मेंढी पाळली जाई ती मुख्यतः लोकरीसाठी आणि शेताला खत मिळावे म्हणून. मांस हे शेवटी पदरात पडणारे फळ. लेस्टरशायरच्या जुन्या मेंढ्या उंच, हाडाच्या जाड आणि सावकाश भरणाऱ्या होत्या. सामाईक गायरानावर साऱ्या गावाचे कळप एकत्र चरत, त्यामुळे कोणत्या मेंढीला कोणता मेंढा लागला हे सांगणे कठीण असे. गावचा सोडलेला वळू ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे वेगळे सांगायला नको. अठराव्या शतकात या गायरानांना आणि मोकळ्या शेतांना झपाट्याने कुंपणे पडू लागली. त्या कुंपणांनी हजारो गरीब कुटुंबांचा चराईचा हक्क हिरावून घेतला, हा इंग्लंडच्या इतिहासातील दुःखाचा भाग आहे. परंतु नर आणि मादी वेगळी ठेवून ठरवून जोड लावणे शक्य झाले तेही कुंपणांमुळेच. दुसरीकडे लेस्टर, डर्बी, बर्मिंगहॅम ही शहरे वाढत होती. कारखान्यांत आणि खाणींत राबणाऱ्या माणसांना स्वस्त आणि भरपूर चरबीचे मांस हवे होते. बेकवेलने या मागणीकडे पाहून आपली मेंढी मनात रेखली.

ती मेंढी कशी असावी याचे त्याचे चित्र स्पष्ट होते. ज्या भागांना खाटकाकडे किंमत येते ते मांडी, कंबर आणि पाठीचे भाग भरदार असावेत; ज्यांना किंमत नाही ती हाडे, डोके आणि पाय लहान असावेत. अंग पिंपासारखे गोल असावे. आणि मुख्य म्हणजे तिने लवकर भरावे. मेंढी बाजारालायक व्हायला तीन-चार वर्षे घेते तेव्हा ती तितकी वर्षे चारा खाते. दोन वर्षांत तयार होते तेव्हा उरलेला चारा दुसरीला मिळतो. जनावर म्हणजे गवताचे मांस करणारे यंत्र आहे आणि त्या यंत्रांत कमीअधिक चांगली यंत्रे असतात, असा हा विचार होता. आज तो इतका रुळला आहे की त्याचे नवेपण ध्यानात येत नाही.

हे चित्र प्रत्यक्षात उतरवण्यासाठी त्याच्यापाशी डोळा होता, आणि त्याहून अधिक बोटे होती. फासळीवरची आणि कमरेजवळची चरबी तो हाताने चाचपून पारखत असे. हा स्पर्श त्याने स्वतःपुरता ठेवला नाही. चाचपून पाहण्याची रीत पुढे साऱ्या इंग्रज पशुपालकांनी उचलली. पण बोटांची आठवण फसवू शकते, म्हणून त्याने आणखी एक गोष्ट केली. आपल्या उत्तम जनावरांचे सांगाडे त्याने जपून ठेवले आणि मांसाचे तुकडे खारवणीत बुडवून ठेवले. आजीच्या हाडापेक्षा नातीचे हाड किती बारीक झाले, चरबीचा थर किती जाड झाला, हे पिढी मागून पिढी शेजारी ठेवून पाहता येई. शेतकऱ्याच्या घरातील हे संग्रहालय पाहून पाहुणे चकित होत. खरे तर ती त्याची खातेवही होती.

निवडीची कल्पना त्याची एकट्याची नव्हती. शर्यतीच्या घोड्यांच्या वंशावळी इंग्लंडमध्ये आधीपासून जपल्या जात आणि मिडलँड्समध्ये चांगले मेंढे राखणारे शेतकरी त्याच्यापूर्वीही होते. बेकवेलचे वेगळेपण त्याच्या निर्भयतेत होते. हवे ते गुण ज्या जनावरात दिसले त्याचा संबंध त्याच्याच मुलीशी, बहिणीशी, आईशी लावायला तो कचरला नाही. जवळच्या रक्ताचा असा मेळ पशूंमध्येही अधर्म आहे, त्याने वंश खुरटतो, अशी त्या वेळची समजूत होती. ती सर्वस्वी खोटी नव्हती, हे आज आनुवंशशास्त्र सांगते. पण जो गुण पक्का करायचा आहे तो या मार्गाने लवकर पक्का होतो, हेही तितकेच खरे. बेकवेलने जुन्या लेस्टर आणि लिंकन वळणाच्या मेंढ्यांमधून निवड करीत, जवळचे रक्त पुन्हा पुन्हा जुळवीत आणि नको ती पिल्ले निष्ठुरपणे खाटकाकडे पाठवीत जी जात सिद्ध केली ती न्यू लेस्टर किंवा डिशली लेस्टर या नावाने ओळखली जाऊ लागली. जनावरांना छडीही लागू न देणारा हा माणूस निवडीच्या वेळी दयामाया जाणत नव्हता.

त्याची खरी चतुराई मात्र गोठ्याबाहेर दिसली. त्याने आपले उत्तम मेंढे विकले नाहीत, ते हंगामापुरते भाड्याने दिले. १७६० मध्ये पहिल्यांदा मेंढा भाड्याने दिला तेव्हा जेमतेम साडेसतरा शिलिंग आले आणि लोक हसले. मेंढा विकत घ्यायचा असतो, तो कोण भाड्याने घेतो? पण या व्यवहारात बेकवेलचा दुहेरी लाभ होता. मेंढा हंगाम संपल्यावर घरी परत येई. आणि त्या मेंढ्याची पिल्ले निरनिराळ्या रानांत, निरनिराळ्या मेंढ्यांच्या पोटी कशी निपजली हे बेकवेलला फुकटात पाहायला मिळे. ज्याची संतती सर्वत्र चांगली निघाली तो मेंढा खरा, बाकीचे नुसते देखणे. बापाचा कस मुलांवरून ठरवण्याची ही पद्धत आज जगभरच्या पशुपैदास केंद्रांचा पाया आहे. तेव्हा तिला नावही नव्हते.

हळूहळू हसणारे गप्प झाले. विल्यम मार्शल या लेखकाने १७९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या मिडलँड्सच्या शेतीवरील ग्रंथात या भाड्याच्या व्यवहाराचे तपशीलवार वर्णन आहे. भाड्याने गेलेले मेंढे पायी हाकले जात नसत. त्यांच्यासाठी स्प्रिंगा लावलेल्या किंवा झोळीसारख्या टांगलेल्या दोनचाकी गाड्या असत. दिवसाला वीस-तीस मैल अशा मजला करीत हे मेंढे दोन-दोनशे, तीन-तीनशे मैलांवर जात. बेकवेल गिऱ्हाइकांना मेंढे एकत्र दाखवीत नसे, एकेक करून दाखवी. दोन मेंढे शेजारी उभे राहिले की उणेअधिक लगेच कळते. एकटा मेंढा नेहमीच रुबाबदार दिसतो. १७८० च्या दशकात भाडी शेकडो गिनींवर पोचली. टू पाउंडर या नावाने गाजलेल्या त्याच्या मेंढ्याला एका हंगामासाठी ८०० गिनी मिळाल्या, आणि तरीही त्याच्या काही सेवेचा हक्क बेकवेलने स्वतःकडे राखला होता. १७८९ मध्ये त्याची एकूण प्राप्ती ६,००० गिनींच्या घरात गेल्याचे सांगतात. एक गिनी म्हणजे एकवीस शिलिंग आणि शेतमजुराची आठवड्याची मजुरी सात-आठ शिलिंग, हे ध्यानात घेतले म्हणजे या आकड्यांचे वजन कळते.

त्याच दशकात मेंढ्यांच्या पैदासकारांनी डिशली सोसायटी नावाची मंडळी उभी केली. किमान भाडे किती, मेंढे कोणत्या तारखेपूर्वी दाखवायचे नाहीत, व्यवहार कोणाला सांगायचे नाहीत, याचे कडक नियम तिने केले. ८ जूनपूर्वी मेंढा कोणाला दाखवणे हा नियमभंग मानला जाई. आजच्या भाषेत ही मक्तेदारीच होती. सामान्य शेतकऱ्याला डिशलीचा अस्सल मेंढा परवडणे यामुळे अवघड झाले, आणि त्या तक्रारी समकालीनांनी केल्याही.

गुप्ततेच्या बाबतीत बेकवेल कमालीचा दक्ष होता. कोणत्या मेंढीचा कोणत्या मेंढ्याशी जोड लावला, त्याने पहिली जनावरे कोठून आणली, यांविषयी त्याने मागे काहीच लिहून ठेवले नाही. सांगाडे पाहा, कुरण पाहा, वळूला हात लावा. वंशावळ मात्र विचारू नका, असा त्याचा खाक्या होता. त्याच्याविषयी एक कथा सांगितली जाते. कळपातील नको असलेल्या मेंढ्या खाटकाला विकण्यापूर्वी तो त्या मुद्दाम पाणथळ केलेल्या कुरणात चारीत असे, म्हणजे त्यांच्या यकृतात पर्णकृमी शिरत. अशा मेंढ्या काही काळ झपाट्याने मांस धरतात, पण पुढे त्या जगत नाहीत. खाटकाने लबाडी करून त्या कोणा पैदासकाराला विकल्या तरी डिशलीचे रक्त बाहेर जाऊ नये, हा हेतू. कथा खरी असेल तर जनावरांना शांत ठेवण्याची शिकवण देणाऱ्या या माणसाच्या चरित्रावरचा तो डाग आहे, आणि त्याच्या चाहत्यांनीही तो पुसण्याचा फारसा प्रयत्न केलेला दिसत नाही.

एवढा पैसा येऊनही बेकवेल श्रीमंत झाला नाही. १७७६ मध्ये तर त्याचे दिवाळे निघाले. पैदाशीचे काम असे की पैसा आधी जातो आणि फळ पाच-दहा वर्षांनी येते. मेंढे तेव्हा अजून शेकडो गिनींचे झाले नव्हते. त्यात गुरे, घोडे, पाट, गोठे यांवरचा खर्च आणि जोडीला घरचे आतिथ्य. मित्रांच्या आणि चाहत्यांच्या आधाराने तो सावरला, वाडी सुटली नाही, कळपही विखुरला नाही. हे घडले नसते तर न्यू लेस्टर जात अर्ध्यावरच संपली असती. आयुष्याची त्याची मोठी कमाई झाली ती या दिवाळ्यानंतरच्या वीस वर्षांत.

आतिथ्याचा उल्लेख आला तो आणखी थोडा करायला हवा. डिशलीचे स्वयंपाकघर ऐसपैस होते आणि सारे पाहुणे तेथेच बसत. उमरावाला वेगळी पंगत नव्हती. बेकवेल उंच, रुंद खांद्यांचा, भरदार चेहऱ्याचा होता. सैलसा तपकिरी कोट, आत लाल बंडी, चामड्याची तुमान आणि गुडघ्यापर्यंतचे बूट हा त्याचा वेष. न्याहारी आठला, जेवण एकला, रात्रीचे जेवण नऊला. आणि साडेदहा वाजले की समोर कोणीही बसलेले असो, तो चिलमीची राख झाडून उठत असे. १७८५ मध्ये फ्रान्समधील ला रोशफुको घराण्यातील दोन तरुण भाऊ येऊन गेले आणि त्यांनी या वाडीचे वर्णन लिहून ठेवले. त्याच वर्षी बेकवेलने आपला एक काळा घोडा लंडनला नेऊन राजा तिसरा जॉर्ज याला दाखवला. शेतीची आवड असलेल्या त्या राजाला डिशलीची माहिती आधीपासून होतीच.

गुरांच्या बाबतीत त्याने लांब शिंगांची लाँगहॉर्न जात निवडली. कॅन्लीच्या वेबस्टर यांच्या नामांकित कळपातील कालवडी आणि वेस्टमोरलंडकडचा एक वळू यांपासून त्याने सुरुवात केली. १७६५ च्या सुमारास जन्मलेला टूपेनी हा त्याचा वळू पुढे अनेक कळपांचा मूळ पुरुष ठरला. मांसाच्या दृष्टीने ही गुरे सुधारली, पण दूध घटले. आणि मग शिंगांच्या लढाईत आखूड शिंगे जिंकली. डरहॅमकडचा चार्ल्स कॉलिंग हा तरुण डिशलीला येऊन बेकवेलची रीत पाहून गेला आणि तीच रीत त्याने आपल्या शॉर्टहॉर्न गुरांवर चालवली. या गुरांना मांसही होते आणि दूधही. १८१० मध्ये कॉलिंगचा कॉमेट नावाचा वळू १,००० गिनींना विकला गेला. बेकवेलच्या लाँगहॉर्नची सद्दी तोवर ओसरत आली होती. गुरू हरला आणि त्याची रीत जिंकली, असा हा प्रकार.

डुकरांवरही त्याने तोच प्रयोग केला. येथे मात्र जवळच्या रक्ताचा अतिरेक नडला. त्याची डुकरे लुळीपांगळी आणि मंद निपजत असल्याचे शेजारी म्हणत, अशी नोंद टीकाकारांनी केली आहे. शेजाऱ्यांच्या बोलण्यात मत्सराचा वाटा असेलच. पण एवढे खरे की डिशलीच्या डुकराला डिशलीच्या मेंढ्याची प्रतिष्ठा कधी लाभली नाही.

न्यू लेस्टरमध्येही उणिवा होत्याच. मांस इतके चरबीचे की श्रीमंतांच्या मेजावर ते नको वाटे. बेकवेलला त्याचे वैषम्य नव्हते. चोखंदळ धनिकांसाठी नव्हे तर साध्या लोकांसाठी आपण मेंढी तयार करतो, अशी त्याची भूमिका होती. खाणीत आणि कारखान्यात राबणाऱ्याला भाकरीबरोबर चरबी हवी असते, हे तो जाणून होता. अधिक गंभीर उणिवा वेगळ्या होत्या. या मेंढ्या जुळी कमी देत, दूध कमी देत आणि लोकरीकडे तर बेकवेलने लक्षच दिले नव्हते. त्याने मांस आणि हाड मोजले, ते सुधारले. जे मोजले नाही ते पिढ्यांमागून पिढ्या गळत गेले. म्हणून शहाण्या शेतकऱ्यांनी शुद्ध न्यू लेस्टर पाळण्यापेक्षा आपल्या गावठी मेंढ्यांवर डिशलीचा मेंढा घालणे पसंत केले. त्याचा तरुण विद्यार्थी जॉर्ज कली याने नॉर्थम्बरलंडमध्ये भावासह हेच केले आणि तेथून बॉर्डर लेस्टर ही काटक जात पुढे आली. बेकवेलने कलीला लिहिलेली अनेक पत्रे उपलब्ध आहेत; वंशावळींविषयी मौन पाळणारा माणूस त्यांत बाजारभाव, गिऱ्हाइके आणि प्रतिस्पर्धी यांविषयी मोकळेपणाने बोलतो.

लंडनच्या स्मिथफील्ड बाजारात १७१० पासून १७९५ पर्यंत मेंढीचे सरासरी वजन २८ पौंडांवरून ८० पौंडांवर गेले, असे एक कोष्टक पाठ्यपुस्तकांत पुष्कळदा छापले गेले आणि त्याचे श्रेय बेकवेलला दिले गेले. इतिहासकारांनी पुढे या आकड्यांवर शंका घेतली आणि ती रास्त आहे. बेकवेलचा भर जनावर मोठे करण्यावर नव्हताच. ते लवकर भरावे आणि त्याचे वजन योग्य जागी असावे यावर होता.

१ ऑक्टोबर १७९५ रोजी, वयाच्या सत्तराव्या वर्षी, दीर्घ आजारानंतर डिशली येथेच बेकवेलचे निधन झाले. वाडी भाचा हनीबॉर्न याच्याकडे गेली. डिशलीच्या मेंढ्यांचे वंशज तोवर इंग्लंडभर पसरले होते, आणि पुढे ते ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि अमेरिकेतही पोचले.

त्याच्या कामाचा प्रवास एका वेगळ्या दिशेनेही झाला. मोराव्हिया प्रांतात बॅरन फर्डिनंड गाइसलर्न हा जमीनदार मेरिनो मेंढ्यांवर निवडीची आणि जवळच्या रक्ताची हीच रीत चालवीत होता. त्याला लोक मोराव्हियाचा बेकवेल म्हणत. १८१४ मध्ये तेथील ब्रनो शहरात मेंढीपालकांची सभा स्थापन झाली. गुण पिढीतून पिढीत कसे उतरतात हा तिच्या चर्चेचा विषय असे. १८३७ च्या सुमारास या चर्चेत काय उतरते आणि कसे उतरते हा नेमका प्रश्न ज्याने मांडला तो ब्रनोच्या मठाचा प्रमुख सिरिल नाप होता. काही वर्षांनी याच नापच्या मठात ग्रेगोर मेंडेल हा तरुण दाखल झाला आणि त्याने मठाच्या बागेत वाटाणे पेरले. १८५९ मध्ये डार्विननेही आपल्या ग्रंथात बेकवेलच्या मेंढ्यांचा दाखला दिला. दोन कळप पन्नासहून अधिक वर्षे शुद्ध बेकवेली रक्ताचे राखले गेले होते, कोठेही भेसळ नव्हती, आणि तरीही ते आता दोन वेगळ्या जातींसारखे दिसू लागले होते. निवडणारे हात दोन होते एवढाच काय तो फरक.

एकेकाळी ज्या मेंढ्यांच्या एका हंगामासाठी शेकडो गिनी मोजल्या जात, त्यांचे शुद्ध वंशज लेस्टर लाँगवूल विसाव्या शतकात दुर्मिळ झाले. लाँगहॉर्न गुरेही नामशेष होण्याच्या बेतात आली होती. दुर्मिळ जातींच्या रक्षणासाठी ब्रिटनमध्ये १९७३ साली न्यास स्थापन झाला, त्यानंतर या गुरांना पुन्हा बरे दिवस आले. कमी दर्जाच्या कुरणावर चरणारे, वासराला नीट सांभाळणारे आणि मुख्य म्हणजे स्वभावाने गरीब जनावर म्हणून त्यांना मागणी आली. एवढी लांब शिंगे असूनही लाँगहॉर्न सहसा कोणाच्या अंगावर येत नाही, असे तिचे पाळणारे आजही सांगतात.

डिशलीच्या वाडीशेजारचे लहान चर्च पुढे ओस पडले. त्याचे छप्पर गेले, भिंती तेवढ्या उभ्या राहिल्या. त्या उघड्या भिंतींच्या आत बेकवेलची कबर आहे.